वाचून दाखवली, बरोबर आहे

अण्णांच्या गाडीच्या डिकीत रबरी चपलांचा एक जोड कायम असायचा. पायात त्यांच्या चकचकीत काळे बूट असत. पण ज्या घरातलं माणूस गेलंय अशा घरी जायचं असलं, की ते गल्लीच्या तोंडाशीच गाडी थांबवायला लावायचे, बूट-मोजे काढून डिकीत ठेवायचे आणि त्या चपला घालून पुढं चालत जायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते नाटक वाटलं, आणि मी तसं त्यांच्या तोंडावर म्हणाले. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि तोंड फटकळ होतं. तोंड अजून तसंच आहे, बाकीचं बरंच बदललं. अण्णा चिडले नाहीत. म्हणाले, "बुटाच्या नाड्या सोडायला वेळ लागतो. तेवढा वेळ सगळं घर रडायचं थांबून आपल्याकडं बघत बसतं. आपल्यासाठी त्यांनी का म्हणून थांबायचं?"

अण्णा आमच्या कंपनीचे जनसंपर्क अधिकारी. पुढं पुढं त्यांच्या कार्डावर इंग्रजीत मोठा भारदस्त हुद्दा आला, पण सातारा-सांगलीच्या पत्रकारांत त्यांचं नाव एकच होतं, खुलासे अण्णा. कंपनीत काही बिनसलं, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर 'खुलासा' असं डोक्यावर लिहिलेली एक चौकट यायची. खाली नाव कुणाचंच नसायचं, पण हात कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक असायचं. कंपनी म्हणजे पाचगणीच्या पायथ्याला स्ट्रॉबेरीच्या जॅमचा कारखाना, तासगावात बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आणि सांगलीत विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर हेड ऑफिस. त्या ऑफिसात खिडकीजवळचं टेबल अण्णांचं, आणि त्याला काटकोनात लावलेलं लहान टेबल माझं.

माणसाला नावानं हाक मारायची त्यांना सवय नव्हती. ते गावानं हाक मारायचे. कॅन्टीनवाला 'कवठेमहांकाळ', अकाउंटचे जोशी 'मिरज', मी 'तासगाव'. "काय तासगाव, आज कुणाचं डोकं फिरलंय?" अशी आमची सकाळ सुरू व्हायची. मी एकदा विचारलं, की माझं नाव एवढं वाईट आहे का. ते म्हणाले, नाव आई-बापानं हौसेनं ठेवलेलं असतं, त्यावरून माणूस कळत नाही. गाव कळलं की त्याच्या घरी जाता येतं. हे मला तेव्हा फार आवडलं होतं. पत्रकारितेचा डिप्लोमा करून आलेल्या पोरीला असली वाक्यं आवडतातच. मी वहीत लिहून ठेवायची.

ती वही अजून आहे. 'बातमी थांबवायला जायचं नाही, बातमीच्या शेजारी जाऊन बसायचं.' 'खोटं कधी लिहायचं नाही. खोटं लिहितो तो जनसंपर्कवाला नव्हे, तो नुसता चोर.' 'माणूस गेला असेल तर पहिल्या वाक्यात त्याचं नाव. दुसऱ्या वाक्यात काय झालं ते. कंपनीचं नाव तिसऱ्याच्या आत आलं तर प्रेसनोट फाडून टाकायची.' या शेवटच्या नियमापायी त्यांनी माझ्या किती नोटा फाडल्या त्याला गणती नाही. फाडायचे, तुकडे टोपलीत टाकायचे आणि म्हणायचे, तासगाव, पुन्हा.

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं, हे सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. एकदा पाचगणीतल्या एका शाळेच्या वसतिगृहात आमच्या जॅमच्या बाटल्यांत बुरशी निघाली. एमडींचं, म्हणजे आमच्या मालकांचं म्हणणं, बाटल्या शाळेनंच उघड्या ठेवल्या असतील, तसं लिहून टाका. अण्णा गाडीत बसले, मला बरोबर घेतलं आणि थेट त्या शाळेच्या स्वयंपाकघरात गेले. तिथल्या बायकांनी चहा दिला, तो घेत घेत त्यांनी एकेक बाटली नाकाशी धरून पाहिली. मग मुख्याध्यापिकेच्या खोलीत जाऊन उभ्याउभ्याच सांगितलं, की माल आमचा आहे, चूकही आमचीच आहे, झाकणं नीट बसलेली नाहीत, सगळा लॉट आज परत नेतो. बाई भांडायच्या तयारीत होत्या, त्यांचं भांडण तोंडातच राहिलं. खुलासा दोन ओळींचा आला आणि विषय संपला. परतताना घाटात अण्णा स्वतःवर एवढे खूश होते की रस्त्यात गाडी थांबवून आम्हाला मक्याची कणसं खायला घातली. त्या दिवशी मला वाटलं होतं, जन्मभर हेच काम करावं.

वाचून दाखवण्याची पद्धत मात्र माझ्या आधीची. पसरणीच्या घाटात कंपनीचा ट्रक उलटून ड्रायव्हर गेला होता. दोघं भाऊ, दोघंही आमच्याकडंच ड्रायव्हर. अण्णांनी घाईघाईत नोट दिली आणि नाव पडलं जिवंत असलेल्या भावाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या सासुरवाडीची माणसं जीप करून रडत-ओरडत गावात शिरली, आणि हा दारात उभा राहून दात घासतोय. यात हसण्यासारखं आहे, ऑफिसात सगळे हसायचेही. अण्णा हसायचे नाहीत. कारण त्या दोघांची आई आत झोपलेली होती, ती रडणं ऐकून उठली आणि निदान घटकाभर तिला दोन्ही पोरं गेली असंच वाटलं. तेव्हापासून अण्णांनी स्वतःपुरता एक कायदा केला. नोट आधी मेलेल्या माणसाच्या घरी वाचून दाखवायची, मगच प्रेसला द्यायची. घरातलं कुणी म्हणालं अमुक शब्द नको, तर तो काढायचा. मग ऑफिसच्या प्रतीवर खाली लिहायचं, 'वाचून दाखवली, बरोबर आहे', आणि घरातल्या एकाची सही किंवा अंगठा घ्यायचा. सही का, असं मी विचारलं होतं. म्हणाले, सही घ्यायची असली की माणूस सावकाश वाचतो.

आणि वाचायचेही सावकाश. आवाज खर्जातला, बामणी वळणाचा नाही की गावठीही नाही. ओसरीत बसून अण्णा वाचू लागले की ऐकणाऱ्याला आपलं माणूस कुणीतरी मोठं होतं असं वाटायचं. मी बायकांना पदर डोळ्याला लावून मान डोलावताना पाहिलंय. अशा किती तरी घरांत मी त्यांच्या मागं फाइल धरून बसले.

अकरा वर्षांपूर्वी तासगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनियाची गळती झाली. ऐन हंगाम होता, खोल्या बेदाण्यानं गच्च भरलेल्या. मागच्या हॉलमध्ये पंधरा बायका बेदाणा निवडत बसलेल्या होत्या आणि त्यांतली एक माझी मावशी. आई गेल्यावर मावशीनंच मला वाढवलं. माझ्या डिप्लोमाची फी ही त्या बेदाण्यातलीच. दुपारी तीनच्या सुमाराला मशीनरूमकडून फस्स आवाज आला आणि डोळे झोंबायला लागले. बिरू गडदे म्हणून ऑपरेटर होता, आटपाडीकडच्या एका वाडीचा, धनगराचा पोरगा, बोलायला अगदी कमी. त्याचं काम पहिल्यांदा झडप बंद करायचं. तो झडपेकडं गेला नाही, हॉलमध्ये आला. बायका घाबरून चुकीच्या दाराकडं पळत होत्या. त्यानं त्यांना अक्षरशः ढकलत, शिव्या घालत मागच्या दारानं बाहेर काढलं. शेवटची माझी मावशी. तिला बाहेर लोटून त्यानं डोक्याचा टॉवेल भिजवून तोंडाला बांधला, आत गेला आणि झडप बंद केली. बाहेर काही आला नाही. हे सगळं मावशीनं मला सरकारी दवाखान्यात खाटेवर बसून, खोकत खोकत सांगितलं. मी तशीच विश्रामबागेला गेले आणि अण्णांना सांगितलं.

अण्णांनी नोट लिहायला घेतली. पहिल्या वाक्यात बिरू सिदू गडदे. दुसऱ्या वाक्यात, पंधरा महिला कामगारांना सुखरूप बाहेर काढून झडप बंद करण्यासाठी ते पुन्हा आत गेले. मी टाइप करत होते आणि मला रडू येत होतं. आमच्या कंपनीतून इतकी सरळ नोट मी कधी पाहिली नव्हती.

एमडींच्या खोलीत तिचं काय झालं ते मी समोर बसून पाहिलंय. वकील आलेले होते. त्यांचं म्हणणं असं, की हा माणूस शूर ठरला तर लोक विचारणार गॅस मुळात सुटला का. आणि त्याचं उत्तर मशीनरूमच्या लॉगबुकात होतं. बिरूनं त्या महिन्यात तीन वेळा लिहून ठेवलं होतं की या झडपेचं पॅकिंग गळतंय. हंगामात प्लांट बंद ठेवायला नको म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. एमडी म्हणाले, "अण्णा, चूक ऑपरेटरची, असं स्वच्छ लिहा." अण्णा म्हणाले, मी खोटं लिहीत नाही. मला वाटलं, आता हे राजीनामा देतील. मी मनातल्या मनात माझाही लिहायला घेतला होता.

अण्णा टेबलावरच्या कागदाकडं बघत बसले होते. मग त्यांनी पेन काढलं आणि दुसरं वाक्य खोडून लिहिलं, 'कामावरील ऑपरेटरकडून झडप बंद करण्यास विलंब झाल्यामुळे वायुगळतीची तीव्रता वाढल्याचे प्राथमिक पाहणीत दिसून येते.' वकिलांनी वाचलं आणि पेनाचं टोपण लावलं. एमडींचा चेहरा खुलला. त्या वाक्यात खोटं काही नव्हतं. विलंब झालाच होता. पंधरा बायका बाहेर काढायला जेवढा लागला तेवढा.

लोक म्हणतात, अण्णा घाबरले. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, मुलीचं लग्न व्हायचं होतं. असेलही. पण मी त्यांचा चेहरा पाहिलाय. अवघड सांधा नेमका बसल्यावर सुताराचा होतो तसा तो झाला होता. खोटं न लिहिता मालकाला हवं ते लिहून दाखवलं, ही त्यांची कमाल होती आणि तिची त्यांना क्षणभर मिजास चढली. मला वाटतं, त्यांना भीतीनं नाही मारलं, कसबानं मारलं. मी तिथंच होते, माझी मावशी दवाखान्यात खोकत होती, आणि मी मूग गिळून बसले. नंतर नोट फेअर टाइप केली तीही मीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही बिरूच्या वाडीला गेलो. अण्णांनी वेशीपाशी चपला घातल्या. घरापुढं लिंबाखाली माणसं बसली होती, पारू, म्हणजे बिरूची बायको, भिंतीला टेकून होती आणि तिच्या मांडीवर सहा-सात वर्षांची पोरगी. अण्णा खाली बसले, नोट काढली आणि त्यांच्या त्या आवाजात वाचायला लागले. पहिलं वाक्य झालं. बिरू सिदू गडदे हे पूर्ण नाव ऐकल्यावर पारूनं मान वर केली. मग अण्णा एकदम तिसऱ्या वाक्यावर गेले, की कंपनी गडदे कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहे. दुसरं वाक्य त्यांनी वाचलंच नाही. माझ्या मांडीवर दुसरी प्रत होती. मी कागदावरून डोळे उचलले नाहीत.

पारू चौथी शिकलेली होती. कागद पुढं केला तेव्हा तिला वाचता आला असता. पण साहेब एवढ्या लांबून आले, जमिनीवर बसले, वाचून दाखवलं, मग आपण पुन्हा कशाला वाचायचं, असं तिला वाटलं असणार. "चांगलं लिवलंय, सायेब," एवढं म्हणाली आणि 'वाचून दाखवली, बरोबर आहे' याच्या खाली तिनं सही केली. गाडीत बसल्यावर अण्णा बूट घालायचे विसरले.

पुढचं व्हायचं तेच झालं. पेपरात नोट जशीच्या तशी आली. चौकशीला अधिकारी आले तेव्हा लॉगबुक कुठं सापडलं नाही, पण नोटेची ऑफिसप्रत सापडली. वकिलांनी ती पुढं केली: बघा, विलंब ऑपरेटरचा, आणि खाली त्याच्या बायकोची सही आहे, घरच्यांनाही हे मान्य आहे. अण्णांनी जी सही माणुसकीपोटी सुरू केली, तीच बिरूच्या मानेवर ठेवली गेली. शेरा पडला, मानवी चूक. बेदाण्याच्या बायकांना मुकादमानं बजावलं की तोंड उघडलं तर पुढच्या हंगामाला येऊ नका. आणि वाडीवरच्या शाळेत त्या पोरीला पोरं म्हणायला लागली, की तुझ्या बानंच गॅस सोडला.

मावशी बरी होऊन घरी आली. एक दिवस चुलीपुढं बसून मला म्हणाली, "तुला ठावं हुतं की गं. तरी तसं लिवलंस व्हय?" मी सांगितलं, मी नाही, अण्णांनी लिहिलं. तेव्हापासून ती माझ्या घरी येते, नातवंडांना खाऊ आणते, पण माझ्या घरात पाणीसुद्धा पीत नाही. कुणी विचारलं तर म्हणते, आत्ताच पिऊन आले.

अण्णा दोन वर्षांनी निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, एमडींचं भाषण, सगळं यथासांग झालं. संकटात कंपनीला शब्दानं तारणारा माणूस, असं काहीतरी एमडी म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी भाषण केलं नाही. खुर्ची मला मिळाली. मी ती नाकारली नाही, हेही सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल ही बाई सगळं दुसऱ्यावर ढकलतेय. त्यांच्यावर माझा राग होता तो तसाच होता. वर्षानुवर्षं माझ्या मनात एकच होतं, की त्यांनी त्या बाईपुढं बसून ठरवून, थंड डोक्यानं वाक्य गाळलं. या रागाचा मला फार उपयोग झाला. तो असला की स्वतःकडं बघावं लागत नाही.

मागच्या वर्षी त्यांची मूत्रपिंडं गेली. आठवड्याला दोनदा डायलिसिस. एका सकाळी त्यांचा फोन आला, की आटपाडीला जायचंय, गाडी घेऊन येतेस का. कशाला जायचं ते दोघांनाही माहीत होतं. मी म्हणाले, मीटिंग आहे. मीटिंग नव्हती. ते एकटे एसटीनं गेले.

परत आल्यावर त्यांनीच फोन करून सांगितलं. पारू आता पोरीबरोबर माहेरच्या गावी असते, शेळ्या राखते. अण्णांनी तिच्या दारात बसून ती जुनी नोट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, दुसऱ्या वाक्यासकट, आणि म्हणाले, हे मी तेव्हा वाचलं नव्हतं. ती म्हणाली, "तुमी गाळलं तेवढंच आमाला पाठ हाय, सायेब. पोरगीला बी हाय." मग तिनं चहा केला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, आता खरं लिवा, आन् खाली सही तुमची करा.

अण्णांनी लिहिलं. दुरुस्ती म्हणून, हातानं, एक पान. पहिल्या वाक्यात बिरू सिदू गडदे. पंधरा बायका, मागचं दार, लॉगबुकातल्या तीन नोंदी, गाळलेलं वाक्य, सगळं. खाली स्वतःचं नाव, निवृत्त जनसंपर्क अधिकारी, आणि सही. एका पेपराच्या सांगलीच्या ऑफिसात स्वतः नेऊन दिलं. त्या पेपरवाल्यानं जे करायला हवं तेच केलं. मला फोन करून विचारलं, मॅडम, यावर कंपनीचं म्हणणं काय?

एमडींनी दहा मिनिटांत बोलावलं. मला वाक्य शोधायला तेवढीसुद्धा मिनिटं लागली नाहीत. 'संबंधित माजी अधिकाऱ्यांचे वाढते वय व दीर्घ आजार लक्षात घेता, त्यांच्या आठवणींवर आधारित विधानांवर कंपनी भाष्य करू इच्छित नाही.' वय वाढलं होतंच. आजार दीर्घ होताच. तो मूत्रपिंडाचा होता, डोक्याचा नव्हता, पण तसं मी कुठं लिहिलं होतं? एमडी म्हणाले, वा. आणि मला क्षणभर, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

नोट घेऊन मी अण्णांच्या घरी गेले. कुणी सांगितलं नव्हतं, पण वाचून दाखवल्याशिवाय द्यायची नाही हे इतकं अंगात मुरलेलं होतं. माझ्या सँडलला घोट्याशी पट्टे आहेत. ते सोडायला मी दारात वाकले तेव्हा आतून वहिनी आणि अण्णा दोघं माझ्याकडं बघत बसले होते. अण्णा कॉटवर उशाला टेकून बसलेले, हात काळवंडून सुजलेले. "ये तासगाव," म्हणाले. "वाच."

मी सगळं वाचायचं ठरवून गेले होते. त्यांच्यासारखं करायचं नाही, डोळ्यांत डोळे घालून वाचायचं. पहिलं वाक्य वाचलं. पुढचा शब्द 'संबंधित' समोर दिसत होता, पण जीभ त्याच्यावर ठेवता आली नाही. ती आपोआप खालच्या ओळीवर गेली, की कंपनी कामगारांच्या सुरक्षिततेस सर्वोच्च प्राधान्य देते. तेव्हा मला कळलं की वाडीवर लिंबाखाली अण्णांनी काहीही ठरवलेलं नव्हतं. इतकी वर्षं मी ज्याला कावा म्हणत होते, ती नुसती लाज होती.

वाचून संपलं. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी हात पुढं केला, मी कागद दिला, पण त्यांनी तो वाचला नाही.

"मोठ्यानं वाचवत नाही ते लिहायचंच नाही," ते म्हणाले. "तुला सगळं शिकवलं, हे तेवढं राहिलं." मग म्हणाले, "सही कुठं करू?"

मी सांगितलं, अण्णा, सहीची गरज नाही. म्हणाले, पद्धत आहे. वहिनींनी चष्मा आणि पेन दिलं. 'वाचून दाखवली, बरोबर आहे' हेही त्यांनीच लिहिलं, अक्षरं ओळीवरून घसरत होती, आणि खाली सही केली. मी सँडलचे पट्टे न लावताच जिना उतरले. पाच वाजता नोट पाठवली. सहाला पेपरवाल्याचा फोन आला, की मॅडम, वाद नको, अण्णांचं पत्र छापायचं राहू द्या मग. मी थँक्यू म्हणाले.

दीड महिन्यानं अण्णा गेले. कंपनीच्या शोकसभेत मी बोलले, चपलांची गोष्ट सांगितली, लोकांना फार आवडली. खुर्ची अजून माझीच आहे.

म्हणून इथं लिहिते. बिरू सिदू गडदे यांनी तासगावच्या कोल्ड स्टोरेजमधून पंधरा बायकांना बाहेर काढलं आणि म्हणून झडप बंद करायला त्यांना उशीर झाला. झडप गळतेय हे त्यांनी तीन वेळा लिहून दिलं होतं. हे मी काल घरात मोठ्यानं वाचून पाहिलं, मावशी ऐकत होती, आणि मी कुठं अडखळले नाही. पारूला वाचून दाखवायला अजून गेलेले नाही.